मारुतीराव, त्या दिवशी कॅसेट मी लावली

मारुतीराव,

गेल्या रविवारी तुमची शोकसभा झाली. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या शाळेचा तोच हॉल, जिथे आपलं मंडळ गणपती बसवतं. खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं भिंतीला टेकून उभी होती. तुम्ही असतात तर मान वळवून वळवून गर्दी पाहिली असतीत आणि मला कोपर मारून म्हणाला असतात, "इंजिनियर, हाऊसफुल आहे बरं का."

साउंडला नेहमीप्रमाणे मीच होतो. तुमच्या फोटोला हार घातला, मिशी काळीभोर असलेल्या फोटोला. (संदीपला मी म्हटलं होतं, पांढऱ्या मिशीचा लाव. तो म्हणाला, "काका, बाबा वरून खाली येतील.") मग पडद्यावर तो व्हिडिओ लावला. मंडळाच्या गणपतीतला तुमचा गोंधळ. तो संपल्यावर एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "पंचाहत्तरीच्या माणसाचा हा आवाज! चाळिशीतल्या गायकाला लाजवेल असा!" टाळ्या झाल्या.

तो आवाज चाळिशीतल्याच गायकाचा होता. हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला माहीत होतं आणि मी माझ्या मिक्सरमागे गप्प बसून राहिलो. म्हणून आता मंडळाच्या अंकासाठी हे लिहितो आहे. लिहितो तुम्हाला, पण वाचायचं सगळ्यांनी.

आपली ओळख तळ्याभोवती फिरताना झाली. तुम्ही नुकतेच संदीपकडे राहायला आला होता आणि इथली माणसं सकाळी अनोळखी माणसाला हसून का दाखवतात, याचा तुम्हाला राग आला होता. मी तुम्हाला ओळखलं ते चेहऱ्यावरून नव्हे. तुम्ही बदकांना हाकलत होता, त्या आवाजावरून. तुमच्या गोंधळगीतांची कॅसेट मी नागपूरहून आणली होती आणि ती गाडीत इतकी वाजवली होती की माझ्या बायकोने, कुंदाने, ती एकदा लपवून ठेवली. मी तसं सांगितल्यावर तुम्ही खूश व्हाल असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, "ती? ती ऐकू नका. त्यात मी धावतोय. कंपनीवाल्याने सांगितलं होतं, एका बाजूत सगळं बसलं पाहिजे."

तिथून आपला वाद सुरू झाला, तो तुम्ही जाईपर्यंत मिटला नाही. म्हातारपणी लोकगायक चांगला राहतो का, आणि तोही कॅसेटवर नव्हे, समोर बसून ऐकताना? मी म्हणायचो, नाही राहत. मी आयुष्यभर आवाज मोजले आहेत, आधी नोकरीत आणि मग मंडळाच्या हौसेखातर. दम कमी होतो, सूर उतरतो, शब्द विसरतात. लोक प्रेमापोटी टाळ्या वाजवतात, ते वेगळं. तुम्ही चिडायचा नाहीत, हीच पंचाईत होती. तुम्ही माझ्या बाजूनेही पुरावे द्यायचात. "माझा बाप शेवटी शेवटी भेसूर गायचा हो. मी साथीला असायचो, मलाच लाज वाटायची. पण लोक उठत नव्हते. पहाटेपर्यंत बसायचे. का बसायचे, ते मला अजून कळलेलं नाही." आणि मग दहा पावलं चालून झाल्यावर, "मी आता चांगला गातो असं म्हणू नका, इंजिनियर. चाळिशीत मी वाईट गायचो, असं म्हणा."

मंडळाच्या गणपतीत तुमचा गोंधळ ठेवायची कल्पना माझीच. तुम्ही दोन माणसं मागितलीत, झील धरायला. गायकाने ओळ सोडली की मागच्या माणसांनी "जी जी" करून ती उचलायची, इतकंच मला त्याबद्दल माहीत होतं. आमच्या घरी गोंधळ घालायची पद्धत नव्हती आणि कॅसेटवाल्यांनी त्या सगळ्या जागा बँजोने भरून टाकल्या होत्या. मला झील म्हणजे जेवणातली कोशिंबीर वाटायची. असली तर बरं. दोन तरुण मिळाले, एका तालमीला आले, मग एकाचं ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आलं आणि दुसऱ्याने मेसेज केला, "काका सॉरी, कॅन्सल करतोय." संदीप नेमका ऑफिसच्या कामाला टेक्सासला. मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही झग्याची नाडी बांधत होता. म्हणालात, "असू द्या. समोर एवढी मराठी माणसं बसली आहेत. ती धरतील की."

आणि मी काय केलं? मी माइकवर जाऊन घोषणा केली. "कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होत आहे. कृपया सर्वांनी पूर्ण शांतता राखावी." आपली माणसं सूचना पाळण्यात पक्की. लहान मुलांना खाऊ देऊन गप्प केलं. सगळ्यांनी फोन वर धरले आणि श्वासही जपून घेऊ लागले.

तुम्ही तुणतुणं छेडलंत. पहिली ओळ म्हटलीत आणि थांबलात. हॉल शांत. तुम्ही तीच ओळ पुन्हा घेतलीत, लोकांकडे पाहिलंत, हात जरासा पुढे केलात आणि पुन्हा थांबलात. कोणी हूं की चूं केलं नाही. मी हेडफोन लावून बसलो होतो. मला त्या थांबण्यात एकच गोष्ट ऐकू आली, दम संपलेला माणूस. कॅसेटवरून उतरवलेलं ते गाणं माझ्या लॅपटॉपवर तयार होतं. तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, मी नेहमीच काहीतरी तयार ठेवतो, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तुम्ही थांबलात तेव्हा मी तुमच्या माइकचा आवाज खाली घेतला आणि कॅसेटचा वर आणला.

तुमचा चेहरा मी विसरलेलो नाही. तुम्ही आधी डावीकडच्या स्पीकरकडे पाहिलंत. मग उजवीकडच्या. भर मांडवात आपलंच पोरगं आपल्याला न विचारता बोलायला उभं राहिल्यावर बाप पाहील, तसं. आणि मग तुम्ही हसलात. तुणतुणं कानाशी धरलंत आणि त्या चाळिशीतल्या मारुतीच्या प्रत्येक ओळीनंतर, बँजोवर चढून, "जी जी" म्हणू लागलात. तुम्ही तुमचीच झील धरलीत! व्हिडिओ पाहा कोणीही, ओठ फक्त ओळीच्या शेवटाला हलतात. इतकी वर्षं तो व्हिडिओ फिरतो आहे, कोणाच्या लक्षात आलं नाही. मागे साथीला बँजोचा ट्रॅक लावला असेल, हल्ली सगळेच लावतात, असं समजून लोक निवांत राहिले.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर तुम्ही विचारलंत, "चुकून हात लागला ना, इंजिनियर?"

मी म्हणालो, "हो. चुकून."

तुम्ही म्हणालात, "मग ठीक आहे. पोरगा बरा गातो. फार पळतो, पण बरा गातो." आणि विषय संपवलात. माझ्यासाठी दार उघडं करून दिलं होतंत आणि मी त्यातून निघून गेलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण कार्यक्रमानंतर कमिटीतल्या लोकांना मी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दम गेलाय त्यांचा. मी सांभाळून घेतलं म्हणून वाचलो आपण. बाहेर बोलू नका." बाहेर बोलू नका म्हटलेली गोष्ट किती लांब जाते, ते आपल्याला ठाऊक आहे. ही देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, जॉर्जियापर्यंत गेली. तिथल्या अल्फारेटा गावच्या मंडळाला नवरात्रात तुमचा गोंधळ ठेवायचा होता. तिथल्या सेक्रेटरीबाईंनी तुमच्याशी बोलून तुम्हाला तारीखही विचारली होती. पण ही कुजबुज कानावर गेल्यावर त्यांनी मला फोन केला. "काका, तुमचं मत फायनल. लाइव्ह जमेल ना त्यांना?" मी म्हणालो, "तब्येतीने जरा नाजूक झालेत हो. लाइव्ह नका ठेवू. त्यांनाच त्रास." माझ्या आवाजात किती काळजी होती म्हणून सांगू! त्या बाई मला थँक यू म्हणाल्या.

आणि तुम्ही तळ्याभोवती चालताना विचारायचात, "जॉर्जियात नवरात्राला थंडी असते का हो?" झग्याखाली स्वेटर चालेल का, कवड्यांची माळ विमानात घालू देतील का, यावर आपण कितीतरी फेऱ्या घालवल्या. मग एकदा म्हणालात, "फोन नाही आला त्यांचा अजून." मी म्हणालो, "बजेट नसेल." तुम्ही म्हणालात, "तिकिटापुरतं दिलं तरी चाललं असतं." पुढे तुम्ही विचारायचं सोडून दिलंत. इतर गावांचीही बोलावणी आली नाहीत. साहजिक होतं. सगळे मलाच विचारायचे.

आता सनीव्हेलचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मी तुमचं काय काय देणं लागतो ते लोकांना कळणार नाही.

संदीपच्या ऑफिसमधल्या मुलाचं लग्न झालं होतं. त्याच्या आईने भारतातून येतानाच ठरवलं होतं, लग्नानंतरचा गोंधळ झालाच पाहिजे, मग तो अपार्टमेंटमध्ये का असेना. मी तुम्हाला गाडीने सनीव्हेलला घेऊन गेलो. माइक नाही, स्पीकर नाही, मला काही काम नाही. संदीप संबळ वाजवणार होता. दिवटी पेटवायची तर वरती धुराचा अलार्म. कोणीतरी बॅटरीवरची मेणबत्ती आणली. तुम्ही ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिलीत. "देवी बॅटरीवर येत नाही, पोरा." शेवटी बाल्कनीचं दार उघडून उंबऱ्यात निरांजन ठेवलं आणि तुम्ही उभे राहिलात.

पट्टी तुम्ही चांगलीच खाली घेतली होती. मी लगेच मनात टिपलं, बघा, उतरला आवाज. तुम्ही ओळ म्हटलीत आणि थांबलात. तेच थांबणं! माझे हात आपोआप मिक्सर शोधू लागले. एवढ्यात सोफ्यावर बसलेले मुलाचे मामा, हातात चिवड्याची बशी, तोंडात घास, "जी जी जी" म्हणाले. न पाहता, न ठरवता, शिंक यावी तसं. आणि मारुतीराव, गाणं उभं राहिलं. तुम्ही त्या "जी"वर पाय ठेवून पुढच्या ओळीवर गेलात. पुढच्या वेळी मामांबरोबर मुलाची आई होती, मग बायका, मग ज्यांना मराठी जेमतेम येतं ती पोरंही. तुम्ही प्रत्येक ओळ थोडी वेगळ्या ठिकाणी सोडत होता, कोण उचलतंय ते बघून. माझ्या कॅसेटवर यातलं काही नव्हतं. असणार कसं? अर्धं गाणं तर आमच्याकडे होतं.

शेवटी देवींना गावागावांहून बोलावणं झालं, आणि तुम्ही क्षणभर थांबून डोळे मिटून म्हणालात, "आणि सनीव्हेलची आई, तुझं नाव मला ठाऊक नाही, पण तूही ये." मुलाच्या आईने पदर डोळ्यांना लावला. तुमची नात कान झाकून "आजोबा, टू लाउड!" म्हणत होती आणि तरी तुमच्या पुढ्यातून हलत नव्हती.

वरचा सूर तुम्हाला लागला नाही. दोनदा प्रयत्न केलात, दोन्ही वेळा खालीच राहिला. ते मी लपवणार नाही, तुम्हीही लपवलं नव्हतंत. पण तुमच्या बापाच्या गाण्याला लोक का बसायचे, ते मला त्या सोफ्याच्या हातावर बसल्या बसल्या थोडंसं कळलं.

परतीच्या वाटेवर फ्रीवेला लागल्यावर मी म्हणालो, "मला झील धरायला शिकवा." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "या वयात? दम पुरेल का?"

मग आपल्या गॅरेजमधल्या बैठका. कुंदा पोहे घेऊन यायची आणि तुम्ही तिला दरवेळी सांगायचात की यात शेंगदाणे कमी आहेत, आणि ती दरवेळी सांगायची की ते तुमच्या घशाला चालत नाहीत. माझी झील कायम उशिरा पडायची. "तुमची झील कंपनीच्या शटल बसने येते," तुम्ही म्हणायचात. "गाणं पोचलं, पास दाखवला, मग ही उतरते." एकदा ती वेळेवर पडली तेव्हा तुम्ही गाणं थांबवून माझ्याशी हात मिळवलात. निवृत्तीनंतरची माझी सगळ्यांत चांगली वर्षं त्या गॅरेजमध्ये गेली. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही पोह्यांवरच बोलला असतात.

पण त्या वर्षांत रोज सांगता येण्यासारखं असूनही सांगितलं नाही, ते दुसरंच. सनीव्हेलहून आल्यावर मी जॉर्जियाच्या बाईंचा नंबर काढला होता. फोन लावून सांगायचं एवढंच होतं की गोंधळी उत्तम आहेत, माझा कान चुकला. इतकी वर्षं साउंडला बसणारा माणूस मी. मंडळात कोणी माइकसमोर खोकलं तरी माझ्याकडे बघतात. माझा कान चुकला, हे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी फोन खाली ठेवला. तुमची बोलावणी, तुमचा तो स्वेटर, तुमचं वाट पाहणं, या सगळ्यापेक्षा मला माझ्या कानाची इज्जत मोठी वाटली. तुमच्याजवळ मात्र रोज बसत होतो, गात होतो, आणि या बसण्या-गाण्यात ती गोष्ट फिटून गेली असं मानत होतो. तुमच्यापुरती फिटलीही असेल. तुम्ही आनंदात होता, ते मी पाहिलं आहे. पण बाहेर तुमच्या नावाने दोन खोट्या गोष्टी चालत राहिल्या. लोक म्हणत, काय आवाज टिकवलाय. मंडळवाले म्हणत, दम गेलाय. दोन्ही माझ्याच.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी संदीपकडे गेलो. तो किचनमध्ये चहा करत होता. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने गॅस बंद केला, चहा गाळायचा तसाच राहिला.

"म्हणजे अल्फारेटा... ते तुमच्यामुळे?"

"हो."

"काका, बाबा फोन उशाशी घेऊन झोपायचे. मला वाटायचं भारतातल्या कोणाचा येणार असेल."

मी ओट्याला हात टेकला.

"सीरियसली, काका. एक फोन. एकच फोन करायचा होता." मग तो सिंककडे तोंड करून कप विसळू लागला. वळला तेव्हा म्हणाला, "त्या दिवशी मी टेक्सासला नसतो तर झील मीच धरली असती." मी म्हटलं, "ते तू तुझ्याकडे घेऊ नकोस, ते माझं आहे." त्याने मान हलवली, पण मला माफ केलं असं काही म्हणाला नाही, आणि मीही मागितलं नाही. चहा मात्र गाळला, दोन कपांत गाळला. पिताना म्हणाला, "तो व्हिडिओ काढून टाका. गॅरेजमधलं काहीतरी टाका. जसं आहे तसं."

तसंच केलं आहे. तो व्हिडिओ मंडळाच्या पानावरून काढला. मंडळाचे काही लोक नाराज आहेत, इतका पाहिला गेलेला दुसरा व्हिडिओ आपल्याकडे नाही म्हणतात. त्याच्या जागी गॅरेजमधलं रेकॉर्डिंग लावलं आहे. त्यात तुमचा खाली उतरलेला आवाज आहे, माझी उशिराची झील आहे, मधेच कुंदा कोणाला तरी दार लोट म्हणते तेही आहे. मी काहीही साफ केलं नाही. फार मोह झाला, पण नाही केलं. खाली लिहिलं आहे, आधीच्या व्हिडिओतला आवाज जुन्या कॅसेटचा होता आणि ती मी लावली होती. जॉर्जियाच्या बाईंनाही फोन केला. त्या आता सेक्रेटरी नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, आम्ही त्या वर्षी डीजे ठेवला होता." एवढंच. पण अल्फारेटाच्या लोकांना रेकॉर्डिंग पाठवते म्हणाल्या.

काल तिथल्या कोणीतरी त्याखाली लिहिलं आहे, "काकांना वरचा सूर लागत नाहीये. वयाचा परिणाम."

मी ते वाचलं आणि खरं सांगतो, मारुतीराव, खुर्चीत मागे टेकून मोठ्याने हसलो. कुंदा बघायला आली, काय झालं म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तुमच्या स्वतःच्या गाण्याला नाव ठेवलं होतं. त्या माणसाला मी उत्तर दिलेलं नाही. सूर लागत नाहीच, काय उत्तर देणार. तुम्ही असतात तर तासभर खपून त्याला चार ओळी लिहिल्या असतात, त्यात त्याच्या कानाचं आणि त्याच्या गुरूचं नाव काढलं असतंत, आणि शेवटी लिहिलं असतंत, पुन्हा ऐका, आणि यावेळी गप्प बसू नका.